चार नंबरचं मिसिंग

केरबाला त्यांनी डिकीतून बाहेर काढलं.

सकाळचे दहा वाजले असतील. शटर वर करून मी नुकतीच उदबत्ती लावली होती. पन्हाळा रस्त्याला, वाघबीळचा चढ लागायच्या अलीकडे माझं गॅरेज. ती काळी जर्मन गाडी फाटकातून आत आली तेव्हा संग्रामबापू स्वतः चालवत होते आणि शेजारी त्यांचा माणूस बंडा बसला होता. बापूंना स्टिअरिंगवर मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. काहीतरी बिनसलंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. गाडी थांबली, बंडा उतरून मागं गेला, त्यानं डिकी उघडली आणि आतल्या माणसाला कॉलरला धरून पोतं ओढावं तसं खाली ओढलं. तो केरबा चौगले, बापूंचा ड्रायव्हर. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला, पायात चप्पल नाही.

"मिस्त्री," बापू म्हणाले, "गाडी मिसिंग मारतीया. ह्यानं तिच्यात काय घातलंय तेवढं शोधून सांगा. बाकीचं आमी बघतो."

संग्रामबापू इंगवले म्हणजे खडीचे चार क्रशर, आणि तरुणपणी तांबड्या मातीत नाव काढलेला पैलवान. कान मोडलेले, मान जवळजवळ नाहीच, आणि एवढ्या देहातून आवाज मात्र बारीक यायचा. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नाही. ओरडणाऱ्या माणसाची मला फारशी भीती वाटत नाही. बापूंची वाटायची.

हकीकत त्यांनीच सांगितली. काल गावात त्यांच्या पॅनेलची मिरवणूक होती. बरोब्बर चौकात, विरोधी गटाच्या माडीखाली, गाडीनं तीन धक्के मारले आणि मान टाकली. माडीवरची माणसं हसली. एकानं वरून विचारलं, "बापू, ढकलायला येऊ काय?" मग सगळा चौक हसला. त्याआधी पंधरा दिवस पुण्याच्या एका शोरूमनं गाडीच्या सहाही कॉइल आणि सहाही प्लग नवे घालून दिले होते. गाडी चार दिवस नीट चालली आणि पुन्हा पहिले पाढे. तिथल्या कुणीतरी, पेट्रोल खराब असेल, असं म्हणून हात झटकले होते. त्या एका वाक्यावर केरबाची ही दशा झाली होती.

"पेट्रोल इकलंय ह्यानं," बंडा म्हणाला. "आन् वर राकेल ओतलंय."

"न्हाई बापू. पोरांची आण," केरबा बसल्या जागेवरून म्हणाला. बंडानं त्याच्या बरगडीत लाथ घातली.

केरबा आणि मी एका गावचे. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण बोलणं अरेतुरेचंच. माझ्या गॅरेजला उभं केलं ते त्यानं. बापूंच्या जीपा, डंपर, शेवटी ही काळी गाडी, सगळं त्यानंच गोड बोलून माझ्याकडं वळवलं होतं. त्या दिवशी त्याचं मरण माझ्या दोन बोटांच्या कामावर येऊन ठेपलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानही वाटला. म्हटलं, दोष शोधायचा, बापूंच्या पुढ्यात ठेवायचा आणि केरबाला उठवून घरी पाठवायचं. माझ्याएवढं इंजिन तालुक्यात कुणाला कळत नव्हतं.

"बापू, आधी पेट्रोल बघू," मी म्हणालो.

पेट्रोलच्या नळीतून मी बाटलीभर काढलं. उन्हात धरलं, स्वच्छ होतं. मग एक पांढरा कागद बॉनेटवर ठेवून त्यावर दोन थेंब टाकले. राकेलाची भेसळ असेल तर तेलकट डाग मागं राहतो. आम्ही चौघंही त्या कागदाकडं बघत राहिलो. केरबासुद्धा, एका डोळ्यानं. थेंब पसरले, उडून गेले आणि कागद जसाच्या तसा कोरा राहिला.

"चोख हाय," मी म्हणालो. "केरबानं काय केलं न्हाई बापू."

बापूंनी कागद उचलला, वास घेतला आणि चुरगाळून टाकला. "आज सकाळी नवं भरलं आसंल," ते म्हणाले. मग बंडाकडं न बघताच त्यांनी मान हलवली.

माझ्या भंगाराच्या ढिगात एका ट्रकच्या फॅनचा जुना पट्टा पडला होता. बंडानं तो उचलला, दुहेरी केला आणि केरबाच्या पाठीवर तीनदा ओढला. पहिल्या दोन फटक्यांना केरबा ओरडला. तिसऱ्याला त्याच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली. बापूंना दोष नकोय, माणूस हवाय, हे मला तेव्हा कळलं.

"तुमी हुडका मिस्त्री," बापू लाकडी खुर्ची ओढून बसत म्हणाले. "गावल्याशिवाय ह्यो हितनं हलणार न्हाई."

मी बॉनेट उघडलं. पुढच्या जाळीत दसऱ्याच्या झेंडूची एक वाळकी पाकळी अजून अडकलेली होती. दसऱ्याच्या आधी ही गाडी माझ्याकडंच सर्व्हिसिंगला होती आणि माझ्याकडून ती लोण्यासारखी चालत गेली होती. म्हणून तर मला त्या शोरूमवाल्यांचा राग येत होता. इंजिन चालू केलं तर गार असताना एकदम शहाणं. कानाला खोट लागेना. नुकताच मी एक जुना स्कॅनर घेतला होता, तो लावला. त्यात एकच तक्रार नोंदलेली होती, चार नंबरचा सिलेंडर पेटत नाही म्हणून.

सहा सिलेंडरच्या इंजिनात एक पेटला नाही की गाडी लंगडते. तो का पेटत नाही याची चार कारणं असतात. ठिणगी पाडणारा प्लग, प्लगला वीज देणारी कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किंवा सिलेंडरमधला दाब. एकेक कारण तपासायचं तर दर वेळी गाडी तापवून चढावर न्यायला हवी, कारण गार असताना ती बोलतच नव्हती. आणि एकेक कारण खोटं ठरलं की पट्टा उठणार होता. म्हणून मी डोकं चालवलं. चारची कॉइल काढून दोनवर घातली, दोनची चारवर. चारचा प्लग सहावर, सहाचा चारवर. आता कॉइल वाईट असेल तर मिसिंग दोन नंबरला जाईल, प्लग वाईट असेल तर सहाला. दोन तपासण्या एका फेरीत. एवढा हुशार मी होतो.

"चढावर न्यावी लागंल," मी म्हणालो.

"चला की. सगळीच जाऊ," बापू म्हणाले.

मी स्टिअरिंगवर, बापू शेजारी, मागं बंडा आणि केरबा. केरबाचं रक्त सीटच्या पांढऱ्या चामड्याला लागू नये म्हणून बंडानं त्याच्या खाली माझंच एक पोतं अंथरलं. स्कॅनर मी बापूंच्या मांडीवर ठेवला. रस्त्याला उसाच्या बैलगाड्या होत्या, पोरं कांडकं ओढायला मागं पळत होती. बाहेर सगळं रोजच्यासारखं चाललं होतं.

चढ लागला आणि तिसऱ्या वळणावर गाडीनं पहिला धक्का मारला. मागून कुणी ढकलावं तसा. बापूंची मान पुढं गेली. मागच्या सीटवर बंडाचं कोपर केरबाच्या तोंडावर बसलेलं मी आरशात बघितलं.

दुसरा धक्का. दुसरं कोपर.

मी पाय उचलला. जोर कमी केला की गाडी गप्प चालते, हे मला माहीत होतं.

"पाय का काढला?" बापूंनी विचारलं.

"बापू, मागं बंडा त्याला मारतूया."

"ते त्याचं काम. तुमी तुमचं करा. दाबा."

स्कॅनरला खात्रीनं सांगायला आठदहा धक्के तरी लागतात. मला ते धक्के हवे होते, तेच माझं निदान. आणि गाडीनं धक्का मारला की बंडा मारायचा. तालमीत जोर मोजावेत तसा मोजून मारायचा. मी दाबलं. चौथा, पाचवा. केरबा आधी देवाचं नाव घेत होता, मग माझं घ्यायला लागला. "सर्जा, हळू," म्हणायचा. "सर्जा, हळू घे रं." मी दात खाऊन दाबत राहिलो, कारण अर्ध्यात थांबलो तर ही फेरी पुन्हा करावी लागली असती. अकरा धक्के झाले. नाक्यावर गाडी वळवली तेव्हा मागून फक्त घरघर ऐकू येत होती.

"काय म्हनतंय?" बापूंनी स्कॅनर माझ्यापुढं धरला.

चार नंबर. दोन नाही, सहा नाही. मिसिंग जागचं हललं नव्हतं. म्हणजे कॉइलही चांगली होती आणि प्लगही.

गॅरेजमध्ये आल्यावर इंजिन तापलेलंच होतं, आता ते जागेवरही लंगडत होतं. मी ते बंद केलं नाही. एक लांब स्क्रू ड्रायव्हर इंजेक्टरवर टेकवून दांडा कानाला लावला. टकटक, टकटक, सहाही सारखे. इंजेक्टर चांगले. माझ्या मागं पट्टा एकदा वाजला. तपासायचं आता दाबाचंच उरलं होतं, त्यासाठी इंजिन बंद करून सहा प्लग काढायला हवे होते. माझे हात घामानं निसरडे झाले होते. मी वाकून कॉइलच्या वायरींना आधार द्यायला हात घातला आणि चार नंबरच्या कपलरला बोट लागलं.

इंजिन एकदम सुतासारखं चालायला लागलं.

बोट काढलं, पुन्हा लंगडायला लागलं. पुन्हा लावलं, सुतासारखं. कपलर म्हणजे कॉइलला वीज आणणाऱ्या वायरींच्या टोकाचं प्लास्टिकचं तोंड, त्यात पितळेच्या बारीक पट्ट्या असतात. आत कुठंतरी पट्टी सैल होती. गार असताना टेकायची, तापली की सुटायची. शोरूमवाल्यांनी कॉइल बदलताना हाच कपलर काढला असणार, घासून बसवला असणार, म्हणून गाडी चार दिवस बरी चालली. पण त्याच्या तोंडात कुणी डोकावून बघितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी केरबाला विसरलो. लाज वाटते सांगायला, पण विसरलो.

इंजिन बंद करून मी कपलर ओढून काढला आणि उजेडाकडं धरला. आतल्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला होता, कडेला पांढरी खपली. आणि तोंडाला जे रबराचं वेटोळं असतं, त्याच्या खाचेत लाल रेघ होती. मी अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला.

ते कुंकू होतं.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजतात. पाने, हातोड्या, जॅक, सगळं धुऊन पोत्यावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. दारात उभ्या असलेल्या गाडीलाही कुंकू लावायचं. आणि नारळ. माझा बाप, आप्पा, ट्रकचा मिस्त्री. तो नारळ दगडावर फोडायचा नाही. उघड्या बॉनेटखाली, थेट इंजिनाच्या डोक्यावर फोडायचा, पाणी इंजिनाला मिळालं पाहिजे म्हणायचा. त्या लोखंडी इंजिनांना काही व्हायचं नाही. पाणी वाफ होऊन उडायचं आणि सगळ्या गॅरेजला गोड वास सुटायचा. आप्पा गेल्यावर मीही तसंच करत आलो.

त्या नवमीला ही काळी गाडी माझ्याकडं होती. प्लग बदलायचे म्हणून वरचं झाकण काढलेलं, सहाही कपलर तोंडं उघडी ठेवून बाजूला पडलेले. केरबा गाडी न्यायला आला होता. मी इंजिनाला कुंकू लावलं आणि नारळ उचलला, तेव्हा तो म्हणाला होता, "सर्जा, वायरी उघड्या हायत. दगडावर फोड की."

मी हसलो होतो. "आप्पानं चाळीस वर्सं इंजनावर फोडला, एक ट्रक बंद पडला न्हाई. तू गाडी चालव, मला नारळ शिकवू नगंस."

मग मी टॉमी, चाकं काढायची लोखंडी कांब, इंजिनावर आडवी धरून तिच्यावर नारळ हाणला होता. पाणी सगळीकडं उडालं होतं. मी वरवर फडकं फिरवलं आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा केरबाच्या हातावर ठेवला. तो त्यानं खाल्ला.

हे सगळं आठवायला मला एवढा वेळ लागला नाही. मान वर केली तर केरबा माझ्या अंगठ्याकडं बघत होता. तो गाडीच्या पुढच्या चाकाशी, माझ्यापासून दोन हातांवर, बसवून ठेवलेला होता. एकच डोळा उघडा, पण त्या डोळ्याला सगळं दिसलं होतं. त्यानं अंगठा बघितला आणि मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"गावलं?" बापू खुर्चीतून उठले.

मी अंगठा पॅंटला पुसला. "कपलर गंजलाय."

"गंजंल कशानं? नवी कोरी गाडी."

"आत पानी गेलंय."

"कुठनं?"

तीन शब्द पुरले असते. माझ्या नारळाचं, बापू. पण बंडाच्या हातातला पट्टा ओला झाला होता आणि मी माझ्या हातांकडं बघत होतो. हे हात गेले तर मी कोण? घरी बायकोला सातवा महिना होता. ही कारणं मी नंतर पुष्कळ वेळा मांडून बघितली आहेत, सगळी खरी आहेत आणि एकही उपयोगाचं नाही. मी भ्यालो. माझ्या तोंडातून निघालं ते हे:

"पाइपानं धुताना गेलं आसंल."

मला वाटलं, गाडी धुणं हा काय गुन्हा आहे? केरबावरचा चोरीचा आळ तर गेला. बापू दोन शिव्या देतील आणि सोडतील. असं मला खरंच वाटलं का, की वाटावं असं मी ठरवलं, हे आता मलाही सांगता येणार नाही.

"गाडी कोन धुतंय?" बापूंनी विचारलं. नेहमीच्याच बारीक आवाजात.

बंडाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, बापूंनाही ठाऊक होतं.

केरबा माझ्याकडंच बघत होता. त्यानं ओठावरचं रक्त जिभेनं पुसलं आणि अगदी सावकाश, कामातली गोष्ट सांगावी तसं म्हणाला, "सर्जा, एकदा नीट बघ की."

"बघितलं," मी म्हणालो.

"नीट बघितलंस?"

"व्हय."

त्यानं मान खाली घातली. पुन्हा वर बघितलं नाही.

बापू त्याच्यापाशी गेले, गुडघ्यावर बसले. "केरबा, पाइप कुठल्या हातात धरतोस?"

केरबानं उजवा हात पुढं केला. ओढून घ्यावा लागला नाही, त्यानंच केला. बापूंनी त्याला मनगटाला धरून उठवलं, गाडीच्या तोंडापाशी आणलं आणि त्याचा पंजा पुढच्या कडेवर, बॉनेटचं कुलूप अडकतं तिथं, पालथा ठेवला. बंडानं मागून मिठी मारली. मी अजून तिथंच वाकलेला होतो, कपलर हातात धरून.

"मिस्त्री, जरा बाजूला व्हा," बापू म्हणाले.

आणि मी झालो. दोन पावलं मागं सरकलो, बापूंना जागा करून दिली.

त्या गाडीचं बॉनेट जड. दोन्ही बाजूंना त्याला वर तोलून धरणारे दट्टे, ते सहजासहजी खाली पडत नाही. बापूंनी दोन्ही हातांनी धरून सगळ्या अंगाचा भार टाकला. हाडं मोडल्याचा आवाज फार मोठा नव्हता, केरबाचा होता. बॉनेट पुरतं बसलं नाही, म्हणून बापूंनी वर केलं आणि पुन्हा आपटलं. दुसऱ्यांदा कुलूप लागलं. आत बोटं असताना लागलं. ते उघडायची कळ गाडीच्या आतल्या अंगाला असते. बापू दार उघडून, वाकून, ती शोधेपर्यंत केरबा गाडीला तसाच अडकून उभा होता आणि तो ओरडायचाही थांबला होता. बॉनेट सुटलं तसा तो बंडाच्या मिठीतून खाली घसरला.

"बसवा आता," बापू मला म्हणाले.

मी बसवलं. बारीक ब्रशनं गंज काढला, पट्ट्या चिमट्यानं आवळल्या, कपलर दाबून लावला. टक्क आवाज झाला. कडेवर रक्त होतं, ते फडक्यानं पुसलं. माझा हात एकदाही चुकला नाही. याचंही मला आज नवल वाटतं. मग पुन्हा सगळे वाघबीळ चढून आलो, केरबा सोडून. गाडीनं एक धक्का मारला नाही. बापूंनी उतरल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली. "पुन्याच्या लोकांस्नी जमलं न्हाई ते तुमी केलंसा. मिस्त्री असावा तर असा."

ते गेले. केरबा भिंतीला टेकून बसला होता, हात पोटाशी धरून. मी त्याचा हात स्वच्छ फडक्यात गुंडाळला आणि त्याला मोटारसायकलवर मागं बसवून कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. सगळा रस्ता त्यानं डाव्या हातानं मला कमरेला धरलं होतं. डॉक्टरनं विचारलं, काय झालं? केरबा म्हणाला, "बॉनेट पडलं." दोन बोटं काढावी लागली. मधलं बोट राहिलं, पण ते काठीसारखं ताठ.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. त्या दिवसानं माझं नाव झालं. लांबलांबून मोठ्या गाड्या यायला लागल्या, आज चार रॅम्प आहेत, मुलगा हाताशी आलाय. केरबाच्या हातात पुन्हा स्टिअरिंग आलं नाही. तो बायपासजवळच्या मंगल कार्यालयात गाड्या लावायचं काम करतो. लग्नाला गेलो की दिसतो. गाडी मागं घेणाऱ्याला तोच उजवा हात हलवून, "येऊ द्या, येऊ द्या," म्हणत असतो. मी तिथं गाडी लांब रस्त्यावर लावून चालत जातो.

पण दर खंडेनवमीला तो गॅरेजवर येतो. पुढच्याच वर्षी पहिल्यांदा आला. मला वाटलं, आता हा चार माणसांत तोंड उघडणार. पण त्यानं पिशवीतून सोललेला नारळ काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "फोड. दगडावर." मी दगडावर फोडला. त्यानं खोबऱ्याचा एक तुकडा खाल्ला आणि गेला. मग दर वर्षी तेच. पोरांना वाटतं, ही आमच्या गॅरेजची रीतच आहे. नव्या पोरांना मुलगा दटावून सांगतो, केरबाकाका आल्याशिवाय नारळ फोडायचा नाही.

यंदा तो आला तेव्हा त्याला चालताना धाप लागत होती. केस सगळे पांढरे. पोरं हत्यारं मांडण्यात गुंतली होती, आम्ही दोघंच दगडापाशी होतो. नारळ त्यानं माझ्यापुढं धरला आणि मला तो घेववेना.

"केरबा," मी म्हणालो, "त्या दिवशीचं पानी धुतल्याचं नव्हतं."

"ठावं हाय."

"मग बोलला का न्हाईस? एवढा मार खाल्लास. हात गेला. एक शब्द टाकला असतास तर..."

केरबा माझ्याकडं बघत राहिला. राग नव्हता त्याच्या तोंडावर. राग असता तर बरं झालं असतं.

"तू बोलशील म्हनून थांबलो हुतो," तो म्हणाला.

मग त्यानं नारळ माझ्या हातात दिला, आणि फोडून होईपर्यंत दगडापाशी उभा राहिला.